नैवेद्य थांबला

झाड्यांच्या घरात महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी दोन गोष्टी ठरलेल्या असत. एक म्हणजे सोळा भाज्यांपैकी एखादी ऐनवेळी सापडत नाही म्हणून होणारी बोंबाबोंब, आणि दुसरी म्हणजे थोरल्या सुनेची कहाणी. या वर्षी भाज्या सोळाच्या सोळा सकाळी आठलाच चिरून तयार होत्या. इतकं सगळं सुरळीत चाललंय म्हटल्यावर कोणाच्या तरी मनात पाल चुकचुकायला हवी होती, पण सणाच्या घाईत पालीकडे लक्ष द्यायला वेळ कोणाला असतो?

बारा वाजून गेले. मखरात ज्येष्ठा-कनिष्ठा नटून उभ्या, वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगलेला, पुढं केळीच्या पानावर पुरणपोळीपासून आंबिलीपर्यंत सगळा नैवेद्य मांडलेला. समोर सतरंजीवर शेजारपाजारच्या बाया दाटीवाटीनं बसलेल्या. मानकापूरच्या त्या गल्लीत पोथी घरोघरी होती, तरी कहाणी ऐकायला बाया झाड्यांकडेच यायच्या. सवाष्ण म्हणून बोलावलेल्या प्रयागबाई तर दरवर्षी सांगायच्या, हिमानीच्या तोंडून ऐकली की तळ्याकाठची म्हातारी डोळ्यांसमोर उभी राहते.

आणि या घरचा नियम कडक. कहाणी पुरी झाल्याशिवाय नैवेद्य नाही, आणि नैवेद्याशिवाय कोणाच्या पोटात अन्नाचा कण नाही. सासरे कवडूजी खापरखेड्याच्या वीज केंद्रात पस्तीस वर्षं कंट्रोल रूममध्ये होते. साडेबाराला ताट समोर आलं नाही की एरवी त्यांचा पारा चढायचा. पण नियम त्यांच्याच आईनं घालून दिलेला, त्यामुळे या एका दिवशी ते भूक दाबून मागच्या खुर्चीत बसून राहायचे.

"अपेक्षा, पोथी आण वं," सासूबाई, इंदुताई, म्हणाल्या. "हिमानी, बस पाटावर."

अपेक्षा ही धाकटी सून. एम.एस्सी. झालेली, दोन वर्षांमागं या घरात आलेली. जुन्या पोथीची पानं तेलातुपानं पार गळायला आली होती, म्हणून तिनं परवाच इतवारीच्या बाजारातून नवी आणली होती. लाल कव्हर, वर कमळात बसलेली लक्ष्मी. हिमानीनं ती कपाळाला लावली, उघडली आणि सुरुवात केली.

आवाज असा की बाहेर चपला काढणारी बाई तिथंच थांबावी. आटपाट नगर आलं, गरीब ब्राह्मण आला, शेजारच्या घरच्या गौरी पाहून आईजवळ हट्ट धरणारी पोरं आली. हिमानी मधूनच पान उलटायची, ओळीवरून बोट फिरवायची, एखाद्या ठिकाणी थबकून पदर सावरायची. ब्राह्मण जीव द्यायला तळ्याकडे निघाला तेव्हा प्रयागबाईंनी डोळ्याला पदर लावला.

तेवढ्यात शेजारी बसलेली प्रेमिला पुढं वाकली. प्रेमिला म्हणजे थोरली नणंद, कामठीकडच्या एका शाळेची मुख्याध्यापिका. पोरगं वाचतंय की नुसतं तोंड हलवतंय, हे तिला वर्गाच्या दारातून कळायचं.

"थांब वं," ती म्हणाली. "थांब जरा. कोणतं पान वाचून राहिली तू?"

"कहाणीचं."

प्रेमिलानं पोथी तिच्या हातातून घेतली. चष्मा सारखा केला, पहिलं पान पाहिलं, मधलं पाहिलं, शेवटचं पाहिलं. "ही तं शुक्रवारच्या व्रताची पोथी आहे. याच्यात महालक्ष्मीची कहाणी नाहीच. मंग तू वाचत काय होती?"

अपेक्षानं जीभ चावली. दुकानात ही गर्दी होती, लाल कव्हरवर लक्ष्मी दिसली आणि तिनं पिशवीत टाकली. आत उघडून कोण बघतं? "माझीच चूक झाली, ताई," ती पुटपुटली.

सगळ्या बाया हिमानीकडे बघायला लागल्या. मग तिचा नवरा सौरव मागून हसत पुढं आला. "अवं ताई, तिले पाठ आहे नं. चौदा वर्षं झाले वाचून राहिली. तू तिच्या हाती पंचांग देशील तरी ती हेच म्हणन."

बाया हसल्या. प्रयागबाई म्हणाल्या, "खरंच गा बापा, मले बी निम्मी पाठ झाली." इंदुताईंचा जीव भांड्यात पडला. प्रेमिलासुद्धा 'हं' करून मागं सरकली. झालं, हिमानी सुटली. मान खाली घालून पुढचं वाक्य म्हणायचं, एवढंच बाकी होतं.

पण असं सुटणं आता तिला नको होतं. जन्मभर ती अशीच सुटत आली होती. पारशिवनीकडच्या शाळेत वाचायला उभं केलं की बाकावरच्या शेजारणीकडून ऐकून पाठ केलेला धडा घडाघडा म्हणायची आणि सुटायची. कागदावर मात्र सगळा घोळ. कालचं अक्षर आज ओळख द्यायचं नाही, जोडाक्षर आलं की बोट तिथंच अडायचं. नववीत दोनदा नापास झाली आणि शाळा सुटली. गुरुजी ढ म्हणाले, बाप आळशी म्हणाला, आणि तिनंही ते खरं धरलं. पुढं स्थळ आलं तेव्हा त्याच बापानं परिचयपत्रात 'बी.ए.' ठोकून दिलं. सौरवला वर्षभरात कळलं. माणूस चांगला, त्यानं बोभाटा केला नाही. बँकेचे, शाळेचे, दवाखान्याचे सगळे कागद गुपचूप स्वतःकडे घेतले. आपण बायकोला सांभाळून घेतलं असं त्याला वाटायचं. आपल्याला प्रेमानं कुलपात ठेवलंय असं तिला वाटायचं.

घरबसल्या ती ब्लाऊज शिवायची. मापं वहीत लिहायची नाही. दर गिऱ्हाइकाचा एक दोरा आणि त्याला गाठी. भैरवी मॅडम नावाच्या एका गिऱ्हाइकानं तो दोऱ्यांचा गुच्छ पाहिला आणि विचारलं, "तुम्ही लिहीत का नाही?" इतकं साधं तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. वाचायला अडणाऱ्या मुलांना शिकवणं हेच मॅडमचं काम. त्यांनी तपासणी करवली, सरकारी दवाखान्यातून वाचनाच्या अडचणीचा दाखला काढून दिला. हिमानी आळशी नव्हती, ढ नव्हती. तिला अक्षरं शिकवायची रीत वेगळी लागत होती आणि ती कोणी शोधली नव्हती. हे ऐकून ती रडली नाही. तिला राग आला, असा राग की चार दिवस जेवण गोड लागेना.

मग अकरा महिने, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, 'अस्तराचं कापड आणते' म्हणून ती सदरला मॅडमकडे जायची आणि पस्तिसाव्या वर्षी बाराखडी गिरवायची. आणि तिला चटक लागली. दुकानांच्या पाट्या, कोराडीच्या बसवरचा फलक, औषधाची बाटली, जे दिसेल ते. एका दुपारी तिनं कपाटातून आपलं लग्नाचं परिचयपत्र काढलं. आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खं पान एकटीनं वाचलं, पाऊण तास लागला, आणि त्यात निघालं काय, तर स्वतःबद्दलचं खोटं. कानांनी ऐकलेलं खोटं चौदा वर्षं पचलं होतं. डोळ्यांनी वाचलेलं पचेना. त्याच दिवशी तिनं ठरवलं, दहावीला बसायचं. बाहेरून बसणाऱ्यांसाठी सतरा नंबरचा फॉर्म असतो. त्याची शेवटची तारीख उद्या होती आणि घरात अजून कोणाला पत्ता नव्हता, सौरवलाही नाही.

"पाठ आहे," हिमानी म्हणाली. "पण पाठ काहून आहे, थे सांगू द्या मले."

"हिमानी," सौरव दबक्या आवाजात म्हणाला.

"मले वाचता येत नव्हतं, आई. चौदा वर्षं मी इथं कहाणी वाचलीच नाही. माह्या मायनं म्हटलेली मी म्हणत आली. पोथी नुसती हातात राहे."

इंदुताईंनी आधी बायांकडे पाहिलं, मग सुनेकडे. "काय बोलून राहिली तू? बी.ए. झालेल्या बाईले वाचता येत नाही?"

"मी बी.ए. नाही. नववी नापास आहे. दोनदा."

कवडूजी खुर्चीतून उठले. "तुह्या बापानं या घरात बसून सांगितलं मले. पोरगी बी.ए. आहे म्हणे. हा फसवायचा धंदा झाला."

"झाला, बाबा. माह्या बापानं सांगितलं अन् मी गप्प बसली. दोघांचीबी चूक आहे, तिची माफी मागते." हिमानीनं आवाज खाली जाऊ दिला नाही. "अन् उद्या मी दहावीचा फॉर्म भरून राहिली. त्याची माफी नाही मागणार."

आता मात्र सतरंजीवर कुजबुज सुरू झाली. दोन बाया 'येतो हं' म्हणून उठल्या आणि दारातच रेंगाळल्या, कारण अर्धवट भांडण सोडून जाणं कोणाला जमतं?

"मले तरी सांगाचं होतं," सौरव म्हणाला.

"तुम्हाले सांगितलं असतं तं माझा फॉर्म तुम्हीच भरला असता."

सौरव मागं भिंतीशी सरकला.

"मी तं कधीची म्हणून राहिली होती," प्रेमिला म्हणाली, "ही पोरांचा अभ्यास काहून घेत नाही. आता समजलं. हिमानी, मी शाळेत आहे म्हणून सांगते, दहावी काही खेळ नाही. गणित आहे, इंग्रजी आहे. सहा महिन्यांत काय करशील तू? पुन्हा नापास झाली तं गल्लीभर होईन."

"गल्लीभर तं आताच झालं, ताई. सगळ्या इथंच बसल्या आहेत."

प्रयागबाईंनी पदर तोंडाशी धरला. कवडूजींना ते हसू दिसलं आणि ते आणखी पेटले. "परवा कॉलनीच्या मंडळात मी छाती ठोकून सांगितलं, आमची सून बी.ए. आहे, तिले सचिव करा. आता कोणत्या तोंडानं जाऊ मी?"

"याच तोंडानं जा, बाबा. सांगा, सून दहावीले बसून राहिली."

"जबान चालवते?" कवडूजींनी बोट रोखलं. "ऐक मंग. देवीपुढं चौदा वर्षं खोटं बोलणारी बाई या पाटावर बसणार नाही. अन् या वयात फॉर्मबिर्म भरून माझी आणखी शोभा करायची नाही. फॉर्म फाड, तं हे माफ, पाट तुझा. नाही तं आत्ता ऊठ, कहाणी अपेक्षा वाचन. पाट पाहिजे का फॉर्म, सांग."

थोरल्या सुनेचा पाट म्हणजे काय, हे त्या घरातल्या बाईलाच कळायचं. त्या पाटावर बसणारीच महालक्ष्म्या उभ्या करते, ओटी भरते, कहाणी सांगते. तिच्यावाचून सणाचं पान हलत नाही. हिमानीनं या घरात जे काही कमावलं होतं, ते सगळं त्या चौकोनी लाकडावर बसून कमावलं होतं.

"नैवेद्य थंडा होऊन राहिला," इंदुताई घाईघाईनं म्हणाल्या. "बाकीचं मागून पाहू. अपेक्षा, जुनी पोथी काढ अन् वाच बाई तू."

अपेक्षा देवघरातून जुनी पोथी घेऊन आली. पाटाजवळ थांबली. सासऱ्यांकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि पोथी सरळ हिमानीच्या मांडीवर ठेवली. "मी नाही वाचत, आई. जागा हिमानीताईंची आहे." धाकट्या सुनेनं या घरात पहिल्यांदाच कोणाला नाही म्हटलं होतं. म्हणून झाल्यावर ती स्वतःच घाबरून खांबाला टेकून उभी राहिली.

हिमानी उठली नाही. तिनं कमरेच्या बटव्यातून जाड कागदाची एक पट्टी काढली. पट्टीच्या मधोमध एक बारीक खिडकी कापलेली होती. ओळीवर ठेवली की खिडकीतून एकदोन शब्दच दिसत, बाकीची ओळ झाकून जाई. मॅडमनं दिलेली. तिनं ती पहिल्या ओळीवर ठेवली.

"पाट बी पाहिजे अन् फॉर्म बी," ती म्हणाली. "कहाणी मीच वाचीन. पण आज वाचीन."

आणि वाचायला लागली. मघाशी भरभर येऊन गेलेलं आटपाट नगर आता अक्षराअक्षरानं आलं. एक शब्द, मग दम, मग दुसरा शब्द. ब्राह्मणापाशी येईपर्यंत तिच्या कपाळावर घाम फुटला. त्या ह्म नं तिला शाळेतही असंच अडवलं होतं. ती अडली, मागं गेली, पुन्हा आली, आणि शब्द काढला.

"पाठ आहे नं?" कवडूजी ओरडले. "मंग म्हणून टाक एकदाची. हे काय लावलं?"

"पाठ म्हटलेलं देवीनं चौदा वर्षं ऐकलं. आज वाचलेलं ऐकन." तिनं पट्टीवरून नजर उचलली नाही. "कहाणी पुरी झाल्याशिवाय नैवेद्य नाही, बाबा. नियम तुमच्याच आईचा आहे."

कवडूजी धपकन खुर्चीत बसले. नियम खरंच त्यांच्या आईचा होता.

एक वाजला. कढीवर साय धरली, भजी मऊ पडली, वरणाला वरून पापुद्रा आला. दारात रेंगाळलेल्या दोघी परत येऊन बसल्या. प्रयागबाईंनी मांडी बदलली आणि शेजारणीला गप्प केलं. सौरव भिंतीशी उभा होता. बायकोचे ओठ एका शब्दाशी झगडताना त्यानं पहिल्यांदाच पाहिले, आणि त्याच्या लक्षात आलं की चौदा वर्षांत आपण तिला एकदाही झगडू दिलं नव्हतं. तो पुढं आला, सतरंजीवर मांडी घालून बसला, आणि मागून "अजून किती वेळ?" म्हणणाऱ्या धाकट्या भावाला त्यानं हातानंच गप्प राहायला सांगितलं.

'ज्येष्ठा'पाशी ती पुन्हा अडली. ज दिसला, त्याला चिकटलेला य कुठं लावावा ते कळेना. पुढच्या ष्ठानं तर डोळेच मिटायला लावले. प्रेमिलाला राहवलं नाही. "ज्ये..."

"सांगू नका, ताई. मले काढू द्या."

हिमानीनं शब्द काढायला खूप वेळ घेतला. बाहेरून कोळशाचा ट्रक गेला, पाठोपाठ दुसरा गेला, तोवर ती त्याच एका शब्दावर होती. निघाला. पोथीवर आपली सावली पडतेय हे पाहून प्रेमिला बाजूला सरकली आणि समई हातभर पुढं ओढली. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "घाई नको करू." आणि आणखी थोड्या वेळानं, कोणालाच उद्देशून नाही अशी, "माह्या वर्गात होता एक पोट्टा असा. वर्षभर मी त्याले मागच्या बेंचावर बसवला."

म्हातारी ब्राह्मणाबरोबर घरी आली तिथं हिमानी थांबली. तीच ओळ पुन्हा वाचली. पट्टी उचलून अख्खी ओळ उघडी करून पाहिली.

"काय झालं वं?" इंदुताईंनी विचारलं.

"माह्या मायच्या कहाणीत हे नव्हतंच," हिमानी म्हणाली. तिचा राग, घाम, सगळं क्षणभर बाजूला पडलं. "ब्राह्मणाची बायको दिवा घेऊन पुढं येते अन् इचारते, ही पाहुणी कोण म्हणून. माय म्हणे, म्हातारी आली अन् घर भरलं. मले वाटे, त्या बाईले कोणी काही सांगितलंच नाही. पण ती स्वतः इचारते, आई. इथं लिहिलेलं आहे."

चौदा वर्षं तिनं ही कहाणी सगळ्यांना सांगितली होती, आणि त्यातली ही बाई तिला आज भेटत होती. आनंद असा झाला की तिला हसू फुटलं, आणि हसतच ती पुढच्या ओळीवर गेली. इंदुताईंनी पदरानं तिच्या कपाळावरचा घाम टिपला. का टिपला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मागून कवडूजी खाकरले, तरी त्यांनी हात मागं घेतला नाही.

पावणेदोनला कहाणी सुफळ झाली. हिमानीनं पोथी मिटली आणि पोथीला नमस्कार केला. घसा बसला होता. आरती झाली, देवीला पान दाखवलं गेलं, आणि माणसं जेवायला अशी धावली की सोळा भाज्यांची चव कोणी पाहिलीच नाही.

वाढताना सौरव तिच्याजवळ आला. "उद्या मी सुट्टी टाकतो. फॉर्म..."

"फॉर्म मी भरीन. तुम्ही गाडी काढा. अकराले निघू."

"बरं," तो म्हणाला.

कवडूजी पंगतीत पहिल्या पाटावर बसले होते. अजून पानाला हात लावला नव्हता. थोरल्या सुनेच्या हातचं वाढलेलं घ्यायचं की नाही, याचा निर्णय ते करत असावेत. हिमानी आंबिलीचं पातेलं घेऊन त्यांच्यासमोर वाकली. ओळीतले सगळे खायचं थांबले.

"अन् पुन्हा नापास झाली तं?" त्यांनी पानाकडे बघतच विचारलं.

"तं पुन्हा भरीन," हिमानी म्हणाली. "नापास व्हायची मले सवय आहे, बाबा. तुम्हाले नाही. तुम्ही आतापासून करून घ्या."

आणि त्यांच्या हो-नाहीची वाट न पाहता तिनं त्यांच्या द्रोणात आंबील वाढली, काठोकाठ.